शेवटची साय

सलूनमध्ये दिवसाला तेवीस डोकी धुते मी.
पेरं चिरलीत, मनगटापर्यंत लाल चट्टे.
रात्री खाज झोपू देत नाही तेव्हा
खिडकीच्या गार काचेला
दोन्ही तळवे टेकवून बसते.
बाहेर डोंगर असतो. तो खाजवत नाही.

गिऱ्हाइकांच्या मासिकात आलं होतं :
सोयाबीन खा, कांती उजळेल.
शेजारी एका बाईचा फोटो, वय एकावन्न,
गाल असे की माशी बसली तर घसरावी.

त्याच आठवड्यात मिनोबूच्या चढावर
फुसाएबाईंच्या दुकानापुढे रांग लागली.
पोस्टातली चिगुसा, तिच्या मागे मी,
माझ्या मागे चपलांच्या दुकानाचा मालक,
"बायकोसाठी नेतोय" असं
कुणी न विचारता सांगणारा.

फुसाएबाई अठ्ठ्याहत्तरच्या.
पडदा सारून बाहेर आल्या,
चेहरा खारकेसारखा.
दोघीजणी मुकाट माघारी फिरल्या.
"जाऊ देत," बाई म्हणाल्या, "साठ वर्षं रोज वाटीभर पिते,
आणि साठ वर्षं रोज वाफेवर तोंड धरते.
आता कुणाचं श्रेय कुणाला द्यायचं?"

मग पैसे घेताना त्यांना माझे हात दिसले.
"उद्या पहाटे ये," एवढंच.

चार वाजता गेले.
पाण्यात रात्रभर फुगलेले दाणे,
चिमटीत धरला की साल सुळकन सुटते,
आत दाणा पिवळा, ओला, नुकता न्हायलेला.
दळण, गाळण, चोथा एका अंगाला
(तो गल्लीतल्या डुकरांच्या मालकाचा),
आणि लाकडी चौकटींत तापणारं दूध.

"आता काही करायचं नाही," बाई म्हणाल्या.
हेच मला जमत नव्हतं.
मी वाकून बघत होते, त्यांनी खांद्याला धरून मागे घेतलं.
दुधाला कुणी डिवचलं नाही
की ते आपली कातडी आपण विणतं.
पंधरा मिनिटांत थरथरती, जवळजवळ नसलेली साय.
त्यांनी ती उघड्या बोटांनी उचलली,
ओल्या ओढणीसारखी काठीवर टाकली.
पुन्हा पंधरा मिनिटं. पुन्हा एक.

पहिली साय देवळात जाते, हॉटेलात जाते, पांढरी, महाग.
शेवटची तांबूस, जाडसर, जरा सुरकुतलेली.
ती विकत नाहीत.
त्यांनी ती दोन तुकडे करून मीठ घालून दिली.
गोड होती. पहिलीपेक्षा कितीतरी गोड.

हिवाळाभर खाल्लं मी ते. दूध, साय, चोथ्याची भाजी.
चट्टे काही गेले, काही राहिले.
मधे मलम बदललं, डॉक्टर बदलले,
शाम्पूची कंपनीही बदलली.
कशाने काय गेलं, सांगता यायचं नाही.
मासिकवाल्यांना सांगता येतं.

मार्चमध्ये फुसाएबाई सलूनमध्ये आल्या. पहिल्यांदाच.
बँकेच्या यंत्राने त्यांचं बोट ओळखलं नव्हतं :
गरम दुधाने सगळ्या रेषा पुसल्या होत्या,
दहाही बोटं कोऱ्या कागदासारखी.
आता कार्डावर फोटो हवा, म्हणून केस.
"चेहरा तेवढा शिल्लक आहे ओळख पटवायला," म्हणाल्या
आणि आरशात बघून स्वतःच फिसकन हसल्या.

मी हातमोजे चढवले.
"काढ ते."
"बाई, माझी बोटं खरखरीत—"
"मग? माझी गुळगुळीत आहेत. काय उपयोग झाला?"

काढले.
पाणी कोमट करून घेतलं, आधी मनगटावर बघून.
विरळ केसांखाली टाळूची कातडी
माझ्या चिरांखाली हलली,
गरम, पातळ,
फुंकर घातली तर सुरकुतेल अशी.
मी घाई केली नाही.
बाईंनी डोळे मिटले होते, तोंड किंचित उघडं.

जाताना वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही
गल्ल्यापाशी ठेवून गेल्या. तांबूस.

ते चोविसावं डोकं.
संध्याकाळच्या हिशेबात मी ते धरलं नाही.